बेटावरची खोली

कूलरचं जुनं गवत काढून नवं भरलं, की माझ्या माहेरी उन्हाळा सुरू होतो. कॅलेंडर काहीही म्हणो. यंदाही परवा ते काम झालं. नव्या गवतावर पहिलं पाणी पडलं आणि घरभर तो ओला, किंचित कडवट वास पसरला. तेवढ्यात माझ्या फोनवर पुण्याच्या एका टूर कंपनीचा मेसेज आला. हिरवे डोंगर, काळंशार पाणी, पाण्यात एक बेट आणि खाली 'यंदा कुठे?' असा लाडिक प्रश्न. कूलरच्या गवताचा वास आणि ते बेट यांचा एकमेकांशी काय संबंध, असं कुणीही विचारेल. पण दोन वर्षांपूर्वीचा अख्खा उन्हाळा आम्ही याच कूलरसमोर बसून स्कॉटलंडला जायची तयारी केली होती. आम्ही म्हणजे मी आणि माझी शालनआत्या. जाणार मात्र ती एकटीच होती.

आत्या माझ्या वडिलांची, म्हणजे अण्णांची धाकटी बहीण. सरकारी दवाखान्यात सिस्टर होती. लग्न केलं नाही, म्हणजे करायचं राहून गेलं, आणि ते कसं राहून गेलं हे घरात कुणालाच नीट सांगता येत नाही. ती अण्णांकडेच राहते. माझं सासर दोन गल्ल्या सोडून, त्यामुळं माहेर मला कधी लांब पडलंच नाही. मुलीच्या शाळेला सुट्टी लागली की दुपारची मी तिथंच असते. अशाच एका दुपारी खिडक्यांचे पडदे ओढून आम्ही टरबूज खात बसलो होतो. आत्या बिया काढता काढता म्हणाली, "मंजू, मला ती महागातली ट्रिप करायची हाय. गाईडवाली. डोंगर आणि बेटं असत्यात ती."

मी हसले. ती हसली नाही.

मग तिनं ते कॅलेंडर सांगितलं. दवाखान्यात रात्रपाळीच्या खोलीत औषधाच्या कुठल्याशा कंपनीचं कॅलेंडर होतं. वर्ष संपलं, तरी एक पान कुणीतरी कापून कपाटाच्या दाराला चिकटवलं होतं. करड्या समुद्रात एक हिरवं बेट, बेटावर एकच पांढरं घर. झाड नाही, शेजार नाही. रात्री दोन पेशंटांच्या मधल्या वेळात चहा पिताना आत्या ते घर बघत बसायची. "त्या घरातल्या बाईचं मीठ संपलं तर ती कुणाकडं मागत असंल?" हा तिचा पहिला प्रश्न. "आणि तिला मध्येच जाग आली तर ती करत काय असंल?" हा दुसरा. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली तरी दोन्ही प्रश्नांची उत्तरं तिला मिळाली नव्हती. ती शोधायला जायचं म्हणजे चैनीची परमावधी होती, हे मलाही कळत होतं. पण हौसेला मोल नसतं, आणि पैसे तिचे होते.

एक गोष्ट सांगून टाकते. मला वाटलं होतं, ती मला सोबत चल म्हणेल. पहिल्या दिवशी वाटलं, दुसऱ्या दिवशी वाटलं, नंतर मी वाट बघणं सोडून दिलं. राग नाही आला, पण कुठंतरी टोचलं. मी तिची लाडकी भाची, मग मला का नाही? तो प्रश्न मी टरबुजाच्या सालीसारखा बाजूला ठेवला आणि नकाशा उघडला.

त्या दुपारी आठवल्या की अजून मजा वाटते. बाहेर रस्त्यावर डांबर मऊ झालेलं, कुत्रीसुद्धा गटाराच्या कडेला सावली धरून पडलेली, आणि आत आम्ही दोघी वाचतोय की तिथं जूनमध्ये स्वेटर लागेल. "पाऊस कधीही येतो, आडवा येतो, छत्री उलटी होते," मी वाचायची. आत्या डोळे मिटून ऐकायची. आमच्याकडं पाऊस म्हणजे लग्नात रुसलेला पाहुणा, किती मिनत्या करायच्या! आणि तिथं दिवसातून चारदा येतो आणि लोक त्याला कंटाळतात, हे तिला पटतच नव्हतं. आगगाडी दगडी कमानींच्या पुलावरून डोंगरात शिरते. मोठ्या बोटीत बसच्या बस चढतात आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर उतरतात. तिथं चावरी चिलटं असतात, इतकी बारीक की डोळ्याला दिसत नाहीत. "चिलटं हायत म्हणजे माणसं राहत असणार," आत्या समाधानानं म्हणाली.

तिला सगळ्यात जास्त कुतूहल होतं ते चैनीचं. तिथल्या जुन्या मोठ्या घरांची हॉटेलं केलेली असतात. बॅग उचलायला माणूस असतो. संध्याकाळी आपण जेवायला गेलो की कुणीतरी येऊन अंथरूण सारखं करतं, पडदे ओढतं, उशीवर चॉकलेट ठेवून जातं.

"म्हणजे माझं अंथरूण दुसरं कुणीतरी घालणार?"

"हो."

"आणि चादरीचे कोपरे नीट दुमडलेले नसले तर?"

"तर तू गप झोपायचं."

आयुष्यभर तिनं खाटांच्या रांगाच्या रांगा घातल्या होत्या, घरी आल्यावर आमची अंथरुणं घातली होती. तिचं अंथरूण कुणी घातलं होतं का, हे मी आठवून बघितलं. मला एकदाही आठवलं नाही.

बातमी फुटायला वेळ लागला नाही. आमच्याकडं एखाद्यानं प्रवासाला जायचं ठरवलं की त्याच्या घरी येऊन चहा पिणं आणि सल्ला देणं हे सगळ्यांचं कर्तव्यच असतं. कुणी म्हणालं तिखट न्या, कुणी म्हणालं शेंगाची चटणी विमानात चालते, कुणी कडक भाकरीचा अख्खा डबा आणून ठेवला. गावाकडनं, वळसंगहून अण्णांचे चुलतभाऊ भीमाकाका आले. शेतकरी माणूस, त्यांनी मुद्द्यालाच हात घातला.

"तितं काय पेरत्यात?"

"फारसं काही नाही काका. मेंढ्या असतात."

"आन् मेंढ्या बगाया इमानानं जानार? आमच्या बांधावर ये की. रोज जात्यात." मग चहाची बशी खाली ठेवून ते हळूच म्हणाले, "जोडीला कोन हाय?"

हा प्रश्न सगळ्यांनीच विचारला. मेंढ्या, पाऊस, व्हिसा, गुडघे, सगळी वळणं घेऊन प्रत्येकजण शेवटी तिथंच येऊन थांबायचा. सोबतीला कोण? आमच्याकडं बाई बाजारात जायची म्हटली तरी सोबत बघतात, मग बेटावर जायची म्हटल्यावर काय. आत्या सांगायची, ग्रुप आहे, गाईड आहे. लोकांना हायसं वाटायचं. एकटीनं जायचं खरं कारण कुणालाच माहीत नव्हतं. मलाही नव्हतं, टूरवाल्यांच्या बाईचा फोन येईपर्यंत.

फोन स्पीकरवर होता. "मॅडम, रूम शेअरिंगमध्ये की सिंगल? सिंगलचे पैसे जास्त पडतात."

"सिंगल," आत्या म्हणाली. इतक्या पटकन, की हा प्रश्न कुणीतरी विचारेल म्हणून ती जणू वर्षानुवर्षं वाट बघत बसली होती.

अण्णांनी वर्तमानपत्रातून डोकं वर काढलं. आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. कारण घरातल्या सगळ्यांना एक गोष्ट माहीत होती. शालनआत्या आयुष्यात कधीही खोलीत एकटी झोपलेली नाही. लहानपणी वळसंगला आजीच्या, म्हणजे तिच्या आईच्या कुशीत. मग नर्सिंगच्या होस्टेलात मुलींच्या रांगेत. मग दवाखान्यात रात्री, पण त्या जागून काढलेल्या. घरी आम्हा बहिणींच्या मध्ये, नंतर आजी अंथरुणाला खिळल्यावर तिच्या उशाशी, माझ्या बाळंतपणात माझ्या शेजारी. उन्हाळ्यात तर सगळं घरच गच्चीवर ओळीनं. एकटीनं झोपायची वेळ कुणी तिच्यावर येऊ दिली नाही, आणि तिनंही कधी मागितली नाही.

"भीती वाटंल तुला," अण्णा म्हणाले.

"वाटंल की," आत्या म्हणाली. "म्हणूनच बघायचंय."

मला त्या क्षणी कळलं, की डोंगर आणि बेटं हे सगळं नमनाला घडाभर तेल होतं. तिला बघायची होती ती खोली. मला एकदम तिच्याबद्दल फार उत्सुकता वाटायला लागली. इतकी वर्षं ओळखीची बाई, आणि मला तिच्यातलं हे एवढं दार कधी दिसलंच नव्हतं.

तिनं सराव करायचं ठरवलं. गच्चीवर एक लहान खोली आहे, जुन्या गाद्या आणि दिवाळीचे आकाशकंदील ठेवायची. ती झाडून तिथं तिनं खाट टाकली आणि एका रात्री आत जाऊन दार लावलं. आम्ही बाहेर गच्चीवर नेहमीसारखे ओळीत. पण कुणालाच चैन पडेना. आईनं पाण्याचा तांब्या विसरला म्हणून दार वाजवलं. अण्णांनी पंखा चालतोय का विचारलं. माझ्या मुलीला तेव्हाच आत्याआजीला गोष्ट विचारायची होती. शेवटी आत्याच उशी घेऊन बाहेर आली आणि ओळीत आपल्या जागी आडवी झाली. "तुमच्यापेक्षा वॉर्ड बरा," ती म्हणाली.

मग तिनं अक्कलकोटची तालीम केली. एकटी एसटीनं गेली, स्वामींचं दर्शन घेतलं, मुक्कामासाठी एक खोली घेतली. दुसऱ्या दिवशी दुपारी परत आली तेव्हा तिचा चेहरा बघण्यासारखा होता. झालं असं, की खोलीची किल्ली घेऊन ती जिना चढत होती, आणि खाली दारात एक बाई लेकराला मांडीवर घेऊन बसली होती. कर्नाटकातून आलेली. खोल्या संपल्या होत्या. "अक्का, स्वल्प जागा देता का?" तिनं विचारलं. लेकराच्या कपाळाला आत्यानं हात लावून बघितला, तर कढत. मग काय. लेकरू खाटेवर, त्याची आई खाली, आणि शालनसिस्टर रात्रभर ओल्या फडक्याच्या पट्ट्या बदलत बसलेली.

"म्हणजे खोली मिळाली, पण एकटीला नाही मिळाली," मी म्हणाले.

"नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं," ती म्हणाली आणि दिवसा गाढ झोपली.

तेव्हापासून मला थोडी काळजी वाटायला लागली. इतक्या लांब जाऊनही तिला ती खोली मिळणारच नाही की काय? कुणीतरी तिच्या दाराशी येऊन बसेलच. अशी माणसं तिला बरोब्बर शोधून काढतात. पण या वेळी दाराशी जे येऊन बसलं ते बाहेरचं नव्हतं.

मे महिन्याच्या अखेरीला, बॅग अर्धी भरलेली असताना, आत्याला एक फोन आला. मोहोळहून कुणी सुलोचनाबाई. शिक्षिका म्हणून निवृत्त झालेल्या, यजमान गेलेले, त्याच टूरला निघालेल्या. "ताई, आपली खोली एकच हाय म्हनं," त्या आनंदानं सांगत होत्या. "मी घोरते जरा. आदीच सांगितलेलं बरं. आन् मी चटनी आनते, तुमी भाकरी आना."

आत्यानं फोन ठेवला आणि अण्णांकडं बघितलं. अण्णांचा चेहरा परीक्षेत पहिला आलेल्या पोरासारखा फुलला होता. आठवडाभर खटपट करून त्यांनी टूरवाल्यांकडून ग्रुपात आपल्या बाजूची कोण आहे ते काढलं होतं, मोहोळला फोन केला होता, आत्याच्या खोलीचं बदलून घेतलं होतं. "सोबत मिळाली बग!" ते म्हणाले. "आपल्याच बाजूची. सोन्यासारखी बाई. आता मला घोर न्हाय."

यात त्यांचं चुकलं असं तरी कसं म्हणायचं? आमच्या घरात माणसावर प्रेम करायचं म्हणजे त्याला एकटं सोडायचं नाही, हेच आम्ही शिकलो. आजारी माणूस आहे, बसा त्याच्याजवळ. पोर रुसलंय, जा त्याच्यामागं. कुणी गप्प बसलेलं दिसलं तरी आम्ही चौघं जाऊन विचारतो, काय झालं? अण्णांनी जे दिलं ते त्यांच्याजवळचं सगळ्यात चांगलं होतं. आणि आत्याच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

आत्याला रडताना मी क्वचितच बघितलंय. आजी गेली तेव्हाही ती आधी तिचं अंथरूण आवरत होती. अण्णा घाबरले.

"अगं, पडलीस-झडलीस तर? रात्री हाक मारायला कोण?"

"अण्णा," आत्या म्हणाली, "जन्मभर हाकेला ओ दिली की रे मी. तुमच्या, पेशंटांच्या, आईच्या. मला कुणाचा राग न्हाय. पण आता थोडे दिवस मला कुणी हाक मारू नये असं वाटतंय. एवढीच हौस हाय माझी. ती बेटं गेली खड्ड्यात. मला ती खोली पायजे."

कूलर खडखडत होता. अण्णांनी चष्मा शोधून डोळ्यांवर चढवला. मग त्यांनी फोन उचलला, आणि त्यांना कमी ऐकू येतं म्हणून स्पीकरवर टाकला. मोहोळच्या सुलोचनाबाईंनी उचलला.

"नमस्कार. ते आपलं... खोलीचं," अण्णा अडखळले. आत्तापर्यंत त्यांनी कितीतरी लग्नं जमवली असतील, भांडणं मिटवली असतील, पण असलं वाक्य त्यांच्या तोंडातून कधी निघालं नसेल. "आमच्या बहिनीला एकटीला राहायचंय. एकटीच्या खोलीत. तुमी राग मानू नका."

मी मनात म्हटलं, झालं, दुखावली बिचारी. आईनं तर कपाळाला हात लावला.

मग पलीकडून आवाज आला, आधीपेक्षा बारीक. "तसली खोली मागता येती व्हय?" आणि थोड्या वेळानं, "मग माझ्यासाटी बी इचारता का?"

घरोघरी मातीच्या चुली. आत्या रडता रडता हसायला लागली, आई हसली, आणि अण्णा बिचारे फोनकडं बघत म्हणाले, "इचारतो की. लगेच इचारतो." आणि दोन बायकांसाठी दोन एकटीच्या खोल्या मिळवायला त्यांनी पुढची सगळी दुपार खर्ची घातली. सोबत जमवण्यात त्यांना जितका उत्साह होता तितकाच आता ती मोडण्यात होता. आमच्या अण्णांचं हे असंच आहे.

आत्या टूरला गेली. बेटावर पोचल्यावर तिचा फोन आला तेव्हा आम्ही सगळे फोनभोवती कोंडाळं करून बसलो होतो. डोंगर कसे आहेत, बोट लागली का, जेवण काय देतात, असं सगळं विचारून झालं. मग अण्णांनी जे विचारायचं होतं ते विचारलं.

"झोप लागली का?"

"न्हाय," आत्या म्हणाली. "डोळ्याला डोळा न्हाय."

"बग! मी म्हनत होतो की!"

"अरं, ऐक की अण्णा. आजवर जागले ती कुणाच्यातरी उशाशी. सलाईन संपतंय का, ताप उतरतोय का. काल पहिल्यांदाच नुसती जागले. कुणासाठी न्हाय. खिडकीत खुर्ची घेतली आणि बसले. हितं अंधारसुद्धा नीट पडत न्हाय, समुद्र आपला दिसतच राहतो. मग घाबरायचं तरी कवा?" ती हसत होती. "लई मजा आली."

मी विचारलं, "ते पांढरं घर दिसलं का?"

"तसली चिक्कार हायत. एकाच्या दारात दोरीवर वाळत घातलेलं बघितलं. एकच चादर होती." आणि मग म्हणाली, "कोपरे नीट चिमट्यात धरले होते."

मिठाचं काय ते मात्र तिनं सांगितलं नाही. बहुतेक विचारायचं विसरली असेल.

आता परत उन्हाळा आलाय. कूलरचं गवत भरून झालं, गच्ची झाडून झाली, अंथरुणांची ओळ लागली. परवाचा तो मेसेज मी आत्याला दाखवला आणि धीर करून दोन वर्षं बाजूला ठेवलेला प्रश्न विचारला. "तेव्हा मला का नाही म्हणालीस, चल म्हणून?"

ती बेटाचा फोटो जवळ धरून बघत होती. "तू आली असतीस तर रात्रभर तुझंच पांघरूण सारखं करत बसले असते," ती म्हणाली. "सवय वाईट हाय मला." मग फोन परत देत म्हणाली, "तू जा की एकदा. एकटी."

मी हसून विषय टाळला. एकटी जायचं म्हणजे मी तिथं करीन काय, हे मला खरंच माहीत नाही. पण परवापासून तो प्रश्न डोक्यातून जात नाही.

काल माझा मुक्काम माहेरीच होता. आत्या ओळीत माझ्या शेजारी आडवी होती. पहाटे वाऱ्यानं जाग आली. मी झोपेत लाथाडलेली चादर माझ्या अंगावर गळ्यापर्यंत होती, कडा गादीखाली दुमडलेल्या. शेजारचं अंथरूण रिकामं होतं, आणि गच्चीवरच्या खोलीचं दार आतून लावलेलं होतं. फटीतून उजेड दिसत होता. ती जागीच होती.

मी हाक मारली नाही.